पाणी कमी काढतोय? आधी दार बघा, मग डिह्युमिडिफायर

आषाढ लागला की डिह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवेतला ओलावा ओढून टाकीत जमवणाऱ्या मशीनच्या, तक्रारी एकाच साच्यातून काढल्यासारख्या येऊ लागतात. 'दिवसभर चालू ठेवला तरी आर्द्रतेचा मीटर ७५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही.' 'पहिले दोन दिवस टाकी भरत होती, आता अर्धीही होत नाही.' 'खोली नुसती गरम करतो.' यांतल्या बहुतेक तक्रारींत मशीनला काहीही झालेलं नसतं. खोली उघडी असते, मीटर चुकीचा असतो, नाहीतर खोक्यावरच्या लिटरच्या आकड्यावर भलताच विश्वास टाकलेला असतो. म्हणून सर्व्हिसवाल्याला फोन लावण्याआधी थोडं गणित.

मुंबई-ठाण्याची जुलैची हवा धरू: तापमान २७ अंश, आर्द्रता ८५ टक्के. या हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण २२ ग्रॅम पाण्याची वाफ असते. तीच हवा ५५ टक्क्यांवर आणली तर १४ ग्रॅमच्या आसपास उरते. म्हणजे घनमीटरमागे पावणेआठ ग्रॅम काढायचे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. गुणाकार केला की येतात जेमतेम २६० ग्रॅम. अख्ख्या खोलीच्या हवेतलं जास्तीचं पाणी फक्त पाव लिटर!

मग टाकीत रोज तीन-चार लिटर कुठून येतं? थोडं गाद्या, उशा, कपाटातले कपडे, पुस्तकं आणि भिंतींचं प्लास्टर यांच्यातून, आणि बाकीचं बाहेरून. घट्ट न बसणाऱ्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि दाराखालची बोटभर फट असेल, तर खोलीतली हवा तासाला एकदा सहज बदलते. म्हणजे दर तासाला नवे २६० मिली, दिवसाला सहा लिटर. दार उघडं ठेवलं किंवा बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीतून वारा येत असेल, तर हाच आकडा दिवसाला तीस लिटरवर जातो. घरगुती मशीन तिथे हात टेकणारच. आर्द्रता उतरत नाही ही तक्रार दहापैकी नऊ वेळा दाराची असते असं म्हणायचा मोह होतो. आकड्यावर अडून बसत नाही, पण दार आधी बघा.

दाराखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी लावा. ती नसेल तर जुन्या साडीची घट्ट गुंडाळी चालते. एसीची नळी बाहेर जाते त्या भोकाभोवती बोट फिरवून बघा, तिथे पुट्टी बऱ्याचदा निखळलेली असते. खोलीला लागून बाथरूम असेल तर त्याचं दार बंद. एग्झॉस्ट पंख्याच्या जागी नुसतं भोक असेल तर पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारा. एवढं झालं की सहा लिटरचे तीन होतात, आणि कालपर्यंत धापा टाकणारं मशीन तासाभराने थांबायला लागतं. मात्र अशा बंद खोलीत रात्रभर दोघांनी झोपायचं असेल तर इतका बंदोबस्त करू नका, ताजी हवा लागते. खोली रिकामी असताना दिवसा मशीन चालवावं, रात्री दार किलकिलं ठेवावं, हे बरं.

कोकणातल्या कौलारू घरात, वर छत नसेल, नुसती कौलं आणि वासे दिसत असतील, तर डिह्युमिडिफायर घेऊच नका. कौलांच्या फटींतून येणारी हवा कुठलंही घरगुती मशीन सुकवू शकत नाही. माळा किंवा फळ्यांचं छत असलेली एक लहान खोली निवडा, कपडे-कागदपत्रं-पुस्तकं त्यात हलवा, आणि मशीन त्या एकाच खोलीला द्या.

खोक्यावरचा आकडा

'१२ लिटर' असं लिहिलेलं मशीन तुमच्या घरी १२ लिटर काढत नाही. आपल्याकडे आणि युरोपात विकल्या जाणाऱ्या मशीनांवरचा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. हवा जितकी ओली आणि उबदार, तितकं पाणी सोपं. खोली ६० टक्क्यांवर आणि २७ अंशांवर आली की तेच मशीन दिवसाला सहा-सात लिटरवर येतं. अमेरिकेत २०१९ पासून मोजणीचं तापमान खाली, १८.३ अंशांवर आणलं. त्यामुळे तिथे पूर्वी '७० पिंट' (एक पिंट म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर) म्हणून विकलं जाणारं मशीन आता '५० पिंट' म्हणून विकलं जातं. मशीन तेच, पाटी बदलली. तिकडच्या नातेवाइकांशी आकड्यांची तुलना करताना हे लक्षात असू द्या.

ढोबळ मानाने, नीट बंद होणाऱ्या दहा बाय बाराच्या खोलीला १० ते १२ लिटरवालं पुरतं. चारशे-पाचशे चौरस फुटांचा वन बीएचके आतली दारं उघडी ठेवून सांभाळायचा असेल तर २० ते २५ लिटरवालं लागतं. मधलं घेऊन दोन खोल्यांत फिरवत राहणं हा पैसे वाचवायचा मार्ग वाटतो खरा, पण पहिली खोली तोवर पुन्हा ओली होते.

ऑनलाइन दिसणारी, हातात मावणारी, 'नो कॉम्प्रेसर, सायलेंट' अशी मशीनं पेल्टियर पद्धतीची असतात, म्हणजे वीज दिली की एका बाजूने गार होणाऱ्या छोट्या चकतीवर चालणारी. दिवसाला पाव ते अर्धा लिटर, तेही चांगल्या परिस्थितीत. वर दाखवलेला तासाला पाव लिटरचा हिशेब आठवा. कपड्यांच्या कपाटाला ठीक, खोलीला नाही. तिसरा प्रकार डेसिकंटचा: त्यात झिओलाइटचं चाक ओलावा शोषतं आणि हीटर ते चाक सुकवतो. थंड देशांत, १५ अंशांच्या खालच्या खोलीत, तो कॉम्प्रेसरवाल्यापेक्षा सरस ठरतो. आपल्या पावसाळ्यात मात्र वीज जास्त खातो आणि खोलीही जास्त तापवतो. समुद्रकाठच्या शहरांत कॉम्प्रेसरवालाच घ्यावा. महाबळेश्वर, आंबोली, लोणावळ्याला जुलैत पारा विशीच्या आसपास असतो. तिथे कॉम्प्रेसरवाला घेताना 'ऑटो डिफ्रॉस्ट', म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवायची सोय, आहे ना, एवढं बघून घ्या.

मीटर खरा की खोटा

मशीनच्या डिस्प्लेवरचा आकडा मशीनच्या अंगाजवळच्या हवेचा असतो. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटाबद्दल काही सांगत नाही. म्हणून एक सुटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा मीटर, हवाच. पण स्वस्तातला मीटर पाच-सात टक्के इकडेतिकडे दाखवतो, तेव्हा आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीचं एक झाकण घ्या, त्यात चमचाभर साधं मीठ घाला. वर थेंब थेंब पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं व्हायला हवं. हे झाकण आणि मीटर दोन्ही झिपच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा, हवा थोडी आत राहू द्या, पिशवी बंद करून रात्रभर सोडा. मीठ मीटरला लागू देऊ नका. २० ते ३० अंशांत ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता ७५ टक्के असते, कुठल्याही मिठाच्या पुडीवर. सकाळी मीटर ८० दाखवत असेल तर तो पाच टक्के जास्त दाखवतो; मागे तसा कागद चिकटवून टाका. मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटतं तेही याच आकड्यामुळे: हवा ७५ च्या वर गेली की मीठ ओलावा ओढायला लागतं. स्वयंपाकघरातला फुकटचा मीटर म्हणा हवं तर.

सेटिंग किती ठेवायचं? ५५. भिंतीवर, चामड्यावर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरायला साधारण ७० टक्क्यांच्या वरची आर्द्रता बराच काळ लागते. ५५ वर ठेवलं की खोलीतल्या थंड कोपऱ्यांतही ती मर्यादा ओलांडली जात नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सच्या कपाटाला ४५. तंबोरा, सतार, हार्मोनियम असलेल्या खोलीत ५० च्या खाली उतरवू नका, लाकूड आकसतं. आणि 'जितकं कोरडं तितकं छान' म्हणून ४० वर लावून ठेवलं तर मशीन कधीच थांबणार नाही, कारण शेवटचे टक्के सगळ्यात महाग असतात.

५५ लावलं की मशीन बरोबर ५५ वर थांबतं असंही नाही. दोन-चार टक्के खाली जाऊन थांबतं, दोन-चार टक्के वर गेलं की सुरू होतं. थांबल्यावर पंखा काही मॉडेलांत चालूच राहतो, म्हणजे सेन्सरपाशी हवा पोचत राहते. त्याला बिघाड समजू नये.

गरम का करतो

आत फ्रीजचाच भाऊ बसलेला आहे: कॉम्प्रेसर, थंड कॉइल, गरम कॉइल, पंखा. हवा आधी थंड कॉइलवरून जाते, तिथे दव धरतं आणि टाकीत टपकतं; मग तीच हवा गरम कॉइलवरून बाहेर पडते. एसी आपली गरम कॉइल खिडकीबाहेर टांगतो, हा तसं करत नाही. वर आणखी एक गोष्ट: वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता सोडते, लिटरमागे जवळजवळ पाऊण युनिट. २५० वॉटचं मशीन तासाला ४०० मिली पाणी काढत असेल तर खोलीत एकूण सव्वापाचशे वॉटची उष्णता सोडतं. लहान बंद खोली दोन-तीन अंशांनी तापली तर ते चोख काम करतंय असं समजा. ही ऊब कामाचीही असते, कारण हवा एक अंशाने तापली की सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मीटरवरचा टक्क्यांचा आकडा, पाणी न काढताच तीन-साडेतीन टक्के उतरते.

एसी असेल तर डिह्युमिडिफायर कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उकाडाही असेल आणि खोलीत माणसं बसणार असतील तर एसी ड्राय मोडवर २६-२७ ला लावा. एक टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी काढू शकतो आणि उष्णता बाहेर फेकतो. पण संततधार लागलीय, खोली मुळातच २५ वर आहे, अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर लगेच थांबतो, खोली गार होते आणि गार भिंतींवर ओल तशीच राहते. तिथे डिह्युमिडिफायर. दोन्ही एकदम लावू नका. एक गरम करतो, दुसरा गार, बिल तुम्ही भरता.

बिलाचं म्हणाल तर १२ लिटरवालं मशीन २०० ते २५० वॉट घेतं, २० लिटरवालं ३५० ते ४५०. २५० वॉटवर रोज दहा तास म्हणजे अडीच युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला साडेसातशे.

जागा, पाणी, नळी

मशीन भिंतीपासून किमान अर्धा फूट दूर. जाळी मागे असेल तर मागे जास्त जागा सोडा. हवा वरून बाहेर पडत असेल तर वर पडदा लोंबता नको. सोफ्याच्या मागे लपवलेलं मशीन स्वतःचीच कोरडी हवा पुन्हा ओढतं, डिस्प्ले ५० दाखवतो आणि कपाटात ७० असतात. सीलिंग फॅन एक नंबरवर ठेवला की हा फरक मिटतो. कपाटाची दारं दिवसातून तीन-चार तास उघडी टाका, आतले कपडे दाटीवाटीने रचलेले नसावेत.

नवं मशीन आलं की लगेच प्लग लावू नका. डिलिव्हरीत ते आडवं पडलेलं असू शकतं, कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असू शकतं. उभं करून चार-सहा तास ठेवा. आडवंच आलं अशी खात्री असेल तर पूर्ण दिवस. भिंतीच्या सॉकेटवर थेट लावा, पातळ वायरच्या एक्स्टेंशन बोर्डवर नको.

टाकी दिवसातून दोनदा ओतायचा कंटाळा येतो, मग नळी लावायचं ठरतं, आणि आपल्या घरांत नळी नेमकी एका ठिकाणी अडते: बाथरूमचा उंबरा. मशीनचा ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर सोडायची तोटी, मागे, जमिनीपासून थोडीशीच वर असते. नळी उंबऱ्यावरून चढवली की पाणी पुढे जात नाही, ते मागे साचतं आणि मशीनखाली तळं होतं. उपाय सोपा आहे. मशीन फूटभर उंच, न डगमगणाऱ्या स्टुलावर ठेवा, नळी पहिल्यापासून शेवटपर्यंत उतरती ठेवा, मध्ये कुठेही झोळ नको. नळीचं टोक नहाणीच्या जाळीवर मोकळं सोडा. बादलीतल्या पाण्यात बुडालेलं टोक हवेचा बुडबुडा अडकवतं. तोटीच्या आत रबरी बूच किंवा प्लास्टिकची चकती असते, ती काढायची राहते आणि लोक मशीनला दोष देतात. पहिल्या तासात टाकीत पाणी पडत असेल तर नळी नीट बसलेली नाही असं समजा.

टाकीतलं पाणी झाडांना, फरशीला चालतं. पिऊ नका, आणि 'डिस्टिल्डच की' म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. कॉइलवरची धूळ, तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे अंश आणि जंतू त्यात असतात.

कपडे वाळवणं हे या मशीनचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम. पाच किलो सुके कपडे स्पिन होऊन बाहेर आले की अडीच ते तीन लिटर पाणी घेऊन येतात. तेवढ्या पाण्याला १२ लिटरवालं मशीन बंद लहान खोलीत पाच-सहा तास घेतं, वीज साधारण दोन युनिटच्या आत-बाहेर. कपड्यांत चार बोटांचं अंतर, पंखा मंद, मशीनच्या हवेचं तोंड कपड्यांकडे. थेंब मशीनवर पडणार नाहीत एवढं बघा. स्पिनचा वेग एक पायरी वाढवला तर अर्धा लिटर तिथेच सुटतं, आणि तिथे ते फार स्वस्तात सुटतं.

खोलीत पाणी कोण घालतंय तेही बघा. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वास आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर. एलपीजी जळताना किलोमागे सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरची वाफ स्वयंपाकघरात सोडतो, कुकरची शिटी वेगळी. आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून लगेच मशीन लावणं म्हणजे आधी पाणी शिंपडून मग ते विकत काढणं. फडकं घट्ट पिळून पुसा, पंख्याखाली सुकू द्या, मग खिडक्या लावा.

खरोखर बिघडलंय का

आधी एक चाचणी. सेटिंग सगळ्यात खाली किंवा 'कंटिन्यूअस'वर टाका, पंधरा मिनिटं थांबा. बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा स्पष्ट गरम लागायला हवी आणि फिल्टर काढून टॉर्च मारला की मागच्या कॉइलवर दव दिसायला हवं. दोन्ही असेल तर मशीन ठणठणीत आहे, वरचं दाराचं प्रकरण पुन्हा वाचा. पहिले दोन दिवस तीन-तीन लिटर आणि नंतर एक, असं होत असेल तर गाद्या आणि भिंती सुकल्या, त्याबद्दल तक्रार कशाची?

हवा गरम नाही, दव नाही, नुसता पंखा फिरतोय: कॉम्प्रेसर सुरू झालेला नाही. बंद करून लगेच चालू केलं असेल तर तीन मिनिटं वाट बघा, ते संरक्षणासाठीचं अंतर असतं. डिफ्रॉस्ट चालू असेल तरी कॉम्प्रेसर काही मिनिटं थांबतो. त्यानंतरही नाही, तर कान लावा. 'टक', मग दोन-चार सेकंद घरघर, पुन्हा 'टक', आणि हेच दर काही मिनिटांनी: कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, त्याला बंद पाडतोय. संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या गावांत आधी व्होल्टेज मोजा. १८० च्या खाली असेल तर स्टॅबिलायझर लागेल. व्होल्टेज ठीक असेल तर कॅपॅसिटर किंवा स्टार्ट रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारे सुटे भाग) गेलेला असतो, हे मेकॅनिककडचं काम, खर्चही बेताचा. कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही विजेचा झटका देऊ शकतो, म्हणून हौशीने झाकण उघडू नका. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवरही हे मशीन लावू नये. सुरू होताना कॉम्प्रेसर चालू भाराच्या कित्येक पट करंट ओढतो.

कॉइलवर बर्फ: इथे नीट बघण्यासारखं असतं. बर्फ सगळ्या कॉइलवर सारखा पसरला असेल तर हवा कमी पडतेय किंवा खोली थंड आहे. फिल्टर धुवा, पंखा पूर्ण वेगाने फिरतो का बघा, खोली १८ अंशांच्या खाली आहे का बघा. बर्फ फक्त कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वळणांवर आणि बाकी कॉइल कोरडी ठणठणीत असेल तर आतला, कॉइल गार करणारा गॅस कमी झालाय. बर्फ सुरीने किंवा पेचकसाने खरवडलात तर गळती तुम्हीच कराल; मशीन बंद करून तीन-चार तास ठेवा, खाली फडकं घाला.

गॅसबद्दल सावध. या मशीनांची गॅसची नळी कारखान्यात बंद केलेली असते, एसीसारखा गॅस भरायचा व्हॉल्व्ह सहसा नसतो. 'टॉप-अप करून देतो' म्हणणारा माणूस गळती शोधणार आहे का, व्हॅक्यूम काढणार आहे का, आणि गॅस वजनकाट्यावर तोलून भरणार आहे का, हे तीन प्रश्न विचारा. मागच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. अंदाजाने भरलेला गॅस इतक्या लहान यंत्रात चालत नाही. पाटीवर आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, ज्वलनशील. उघड्या ज्योतीजवळ मशीन ठेवू नये आणि नवशिक्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. वॉरंटी संपलेल्या १०-१२ लिटरच्या मशीनमध्ये गॅस गळती निघाली तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही.

टाकी रिकामी तरी 'फुल'चा दिवा: टाकीतला तरंगणारा ठोकळा अडकलेला असतो. त्यात छोटं चुंबक असतं, ते मशीनमधल्या स्विचला वर-खाली कळवतं. ठोकळ्याच्या बिजागरीवर बुळबुळीत थर जमतो; साबण आणि जुना टूथब्रश घ्या. धुताना ठोकळा उलटा बसला तरी हेच होतं. टाकी शेवटपर्यंत 'टक' होईतो ढकला. मायडिया बनावटीच्या अनेक मशीनांत, ती दुसऱ्या नावाने विकली तरी, 'पी२' म्हणजे टाकी भरली किंवा नीट बसली नाही, 'एएस' म्हणजे आर्द्रतेचा सेन्सर, 'ईएस' म्हणजे कॉइलच्या तापमानाचा सेन्सर. बाकी कंपन्यांचे कोड वेगळे, आपापली पुस्तिका बघा.

मशीनखाली पाणी: टाकीला तडा, जमीन तिरकी, किंवा कॉइलखालच्या ट्रेचं भोक शेवाळाने तुंबलेलं. शेवटचं सगळ्यात जास्त आढळतं. प्लग काढा, टाकी काढा, वर दिसणाऱ्या भोकात प्लास्टिकची पातळ स्ट्रॉ हलकेच फिरवा. बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थेंब पडतच असतात, टाकी लगेच ओढली की ते आत सांडतात आणि गळतीचा भास होतो.

लाइट गेली, आली, आणि मशीन परत सुरूच झालं नाही: बटणाऐवजी टचवाल्या काही मॉडेलांत वीज गेल्यावर सेटिंग लक्षात राहत नाही. गावचं घर बंद करून मशीनच्या भरवशावर मुंबईला परतणार असाल तर हे खरेदीआधी तपासा. मुळात बंद घरात मशीन अखंड चालू सोडू नये. २०१३ साली ग्री कंपनीने अमेरिकेत विकलेले वीस लाखांहून जास्त डिह्युमिडिफायर जास्त तापून पेट घेण्याच्या धोक्यामुळे परत मागवावे लागले होते. प्लग हाताला चटका देतोय, जळका वास येतोय, तर तिथेच बंद.

कुबट वास मशीनमधून येत असेल तर टाकी आणि फिल्टर बघा. फिल्टर दर पंधरा दिवसांनी कोमट पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. फोडणीचा धूर आणि उदबत्तीची काजळी चिकटलेली असेल तर भांड्यांच्या साबणाचा थेंब लागतो. कपडे वाळवत असाल तर दर आठवड्याला, कारण सुती लव फार जमते. कॉइलवर मऊ ब्रश उभाच, पात्यांच्या दिशेने फिरवा. टाकीला व्हिनेगर चालेल, कॉइलवर नको. त्यातलं आम्ल तांब्याला बारीक भोकं पाडू शकतं. समुद्राजवळच्या घरांत पात्यांवर पांढरी भुकटी दिसते, तो खाऱ्या हवेने अ‍ॅल्युमिनियम खाल्ल्याचा पुरावा. खिडकीजवळचं मशीन आत सरकवा.

राहिली भिंतीची ओल. वरच्या मजल्याच्या बाथरूमची गळती किंवा बाहेरच्या भिंतीची भेग असताना डिह्युमिडिफायर लावणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दीड फूट बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा ओल्या जागी चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा, दोन दिवस सोडा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतून. आतून येत असेल तर गवंडी किंवा प्लंबर गाठा. लोणा लागून रंगाचे पापुद्रे सुटलेल्या भिंतीसमोर मशीन जोरात चालवलं तर पाणी लवकर उडतं आणि क्षार पृष्ठभागावर येऊन प्लास्टर आणखी फुगतं. गळती आधी थांबवा, नंतर सुकवायला हे मशीन उत्तम.

दसऱ्यानंतर, ऑक्टोबरची उन्हं पडली की खिडक्या उघडा आणि मशीनला सुट्टी द्या. ठेवून देण्याआधी टाकी रिकामी करून दोन तास नुसत्या पंख्यावर चालवा, म्हणजे कॉइल सुकते. टाकी धुऊन उन्हात, फिल्टर सावलीत. वायर सैल गुंडाळा, वर सुती चादर घाला. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर आतच बुरशी धरते. माळ्यावर टाकायचंच असेल तर उभं टाका, आडवं नाही.